आवर्तने पन्नास, डोकी पाच

चैत्र लागला की बंगळूरच्या चामराजपेटेत संध्याकाळी अनेकांची पावले फोर्ट हायस्कूलच्या मैदानाकडे वळतात. श्रीरामसेवा मंडळीचा रामनवमी संगीतोत्सव एस. व्ही. नारायणस्वामी राव यांनी 1939 साली सुरू केला. एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्यासारख्या थोर गायिकेचे सूर इथल्या मांडवाने ऐकले आहेत. म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वडियार यांच्या नावाने 1892 साली वसलेली ही पेठ. आखीव मुख्य रस्ते, त्यांना छेदणारे आकडेवारी क्रॉस, आणि 1915 साली स्थापन झालेल्या कन्नड साहित्य परिषदेचे घरही इथेच.

अशा गाणाऱ्या वस्तीतल्या मुलांना महाविद्यालयाने गटाने मिळून एका गाण्याचा व्हिडिओ करायला सांगितला, तर ती काय करतील?

समजा, पाच जणांचा गट आहे. एकाकडे दिग्दर्शन, एकाकडे कॅमेरा, एकीकडे ध्वनी, एकाकडे परवानग्या आणि धावपळ, आणि पाचवीकडे संकलन. गटातली एक मुलगी कर्नाटक संगीत शिकते. साहजिकच गाणे ठरते ते पुरंदरदासांचे. सोळाव्या शतकातल्या या संतकवीला कर्नाटक संगीताचे पितामह मानतात. त्यांच्या प्रत्येक पदाखाली मुद्रा असते ती पुरंदर विठ्ठलाची, म्हणजे आपल्या पंढरीच्याच विठोबाची! गटात एखादी मराठी घरातली मुलगी असेल, तर तिच्या आजीलाही हे गाणे परके वाटणार नाही.

गाणे ध्वनिमुद्रित होते, दोन दिवस चित्रीकरण होते, डबा खाताना फोटो निघतात. सारे खुशीत असतात. आणि मग येते ती खरी परीक्षा. ती कॅमेऱ्यापुढे नसते, ती असते संगणकापुढे. पाच मित्र सकाळी हसत आत जातात आणि संध्याकाळी एकमेकांशी न बोलता बाहेर पडतात, असे या खोलीत सहज घडू शकते. का बरे?

कात्री नव्हे, सुई

संकलन म्हणजे नको असलेला भाग कापून टाकणे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. संकलकाच्या हाती कात्री असते, तशी सुईही असते. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशॉव यांनी 1920 च्या सुमारास केलेला एक प्रयोग आजही जगभर शिकवला जातो. एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा तोच तो तुकडा त्यांनी एकदा सूपच्या वाडग्याला जोडला, एकदा शवपेटीला. पाहणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी शोक. चेहरा बदलला नव्हता, शेजार बदलला होता.

आपल्याकडे या विद्येचे मोठे पीठ पुण्यात आहे. प्रभात फिल्म कंपनी 1933 साली कोल्हापूरहून पुण्याला आली. तिच्याच वास्तूत 1960 साली केंद्र सरकारने चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू केली. दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी आणि संकलन या चार शाखांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन चित्रपट करायचा, ही इथली रीत. गाण्याचे चित्रीकरण हाही तिथल्या अभ्यासाचा एक भाग. चौघांपैकी कोणीही एकटा चित्रपट पुरा करू शकत नाही, हे तिथे वेगळे शिकवावे लागत नाही.

बंगळूरचीही परंपरा लहान नाही. तिथल्या श्री जयचामराजेंद्र संस्थेत छायाचित्रण शिकलेले व्ही. के. मूर्ती पुढे गुरुदत्त यांचे छायाचित्रकार झाले. 'कागज के फूल' (1959) मधल्या गाण्यात त्यांनी आरशांच्या साहाय्याने आणलेला प्रकाशाचा झोत आजही रसिकांच्या डोळ्यांसमोर आहे. गोविंद निहलानीही बंगळूरच्या याच संस्थेचे विद्यार्थी. त्यांच्या 'अर्धसत्य' (1983) या चित्रपटाची मूळ कथा श्री. दा. पानवलकर यांची, पटकथा विजय तेंडुलकर यांची, आणि संकलन पुण्याच्या संस्थेत शिकलेल्या रेणू सलुजा यांचे. एक बंगळूरचा, एक पुण्याची, आणि चित्रपट मात्र एकसंध! 'परिंदा', 'धारावी', 'सरदार' आणि 'गॉडमदर' या चार चित्रपटांच्या संकलनासाठी रेणूंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. 2000 साली त्यांचे निधन झाले.

वहीतल्या पन्नास ओळी

चामराजपेटेतल्या आपल्या गटाकडे परत येऊ. संगणक सुरू करण्याआधी त्यांनी एक वही घ्यावी. पद आदितालात आहे, म्हणजे आठ मात्रांचे आवर्तन. लय मिनिटाला 100 मात्रांची धरली, तर एक मात्रा 0.6 सेकंदाची आणि एक आवर्तन 4.8 सेकंदांचे होते. चार मिनिटांच्या गाण्यात अशी बरोबर 50 आवर्तने बसतात.

वहीत 50 ओळी आखायच्या. पहिल्या रकान्यात आवर्तनाचा क्रमांक, दुसऱ्यात त्या वेळी काय गायले किंवा वाजवले जाते, तिसऱ्यात पडद्यावर काय दिसावे. गाणाऱ्या मुलीचा चेहरा कुठे, मृदंगावरचे हात कुठे, सकाळी दारात रांगोळी काढणारी बाई कुठे, हे पाचही जणांनी मिळून पेन्सिलीने भरायचे. पेन्सिलीनेच, कारण यातल्या निम्म्या ओळी पुढे खोडल्या जाणार आहेत. ही वही सर्वांची असते. संगणक एकाचाच असला तरी वही पाचांची, हे सूत्र पुढे फार उपयोगी पडते.

मग प्रत्येक समेवर चित्र बदलायचे काय? मुळीच नाही. नवशिका संकलक नेमके तेच करतो. दर ठोक्याला नवे दृश्य आले, तर पहिल्या अर्ध्या मिनिटात मजा वाटते आणि पुढे डोळे थकतात. चांगला गवई जशी कधी समेवर येतो, कधी सम टाळून उत्सुकता वाढवतो, तसेच संकलकाने करावे. एखादी तान सुरू झाली की चेहऱ्यावरून हलूच नये. तान संपून श्वास घेतला की चित्र बदलावे.

'अपोकॅलिप्स नाउ' आणि 'द इंग्लिश पेशंट' या चित्रपटांचे संकलक वॉल्टर मर्च यांनी 1995 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात याचे मजेदार गणित मांडले आहे. चित्र कुठे बदलायचे हे ठरवताना ते भावनेला 51 टक्के, कथेला 23 टक्के आणि लयीला 10 टक्के महत्त्व देतात. उरलेल्या 16 टक्क्यांत नजरेचा प्रवास, चौकटीतली मांडणी आणि स्थळकाळाची सलगता. म्हणजे रांगोळीचा डबा आधी डाव्या हातात होता आणि नंतर उजव्या हातात दिसला, तर ते चालून जाईल. चेहऱ्यावरचा भाव तुटला तर मात्र चालणार नाही.

ओठ आणि सूर

गाण्याच्या व्हिडिओत सर्वांत आधी खटकते ती ओठ आणि सूर यांची फारकत. बोलपटाच्या पहिल्या काळात नट स्वतःच गात आणि वादक झाडामागे किंवा पडद्याआड बसून साथ करीत. 1935 साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव' या चित्रपटात आधी मुद्रित केलेले गाणे वाजवून त्यावर चित्रीकरण केले, आणि आपल्याकडे पार्श्वगायनाची प्रथा रुजली. विद्यार्थ्यांचा व्हिडिओही याच पद्धतीने होतो. गाणे मोठ्याने लावायचे, गायिकेने त्याबरोबर खरोखर गायचे, आणि कॅमेऱ्याने चित्राबरोबर तो कच्चा आवाजही टिपून घ्यायचा. हा आवाज प्रेक्षकाला ऐकू येणार नसतो. संकलनाच्या वेळी मूळ गाण्याशी जुळवून घ्यायला तो लागतो. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला पाटी, किंवा निदान हाताची टाळी वाजवली, तर हे काम मिनिटांत होते. नाही वाजवली, तर तासन्‌तास जातात.

दर सेकंदाला 25 चित्रे धरली, तर एक चित्र 40 मिलिसेकंदांचे होते. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. म्हणजे स्पीकर गायिकेपासून जेमतेम 14 मीटर लांब ठेवला, तरी तिच्या कानी सूर एक चित्रभर उशिरा पोचतो. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला स्पीकर ठेवला तर काय होईल, याचा अंदाज सहज बांधता येईल. म्हणून स्पीकर जवळ हवा.

दुसरी काळजी मोबाइलची. अनेक मोबाइल आपल्या मर्जीने चित्रांचा वेग थोडा कमी-जास्त करतात. त्यामुळे गाण्याच्या सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटाकडे निसटतात. सर्वांनी आधीच एक वेग ठरवून पक्का करावा. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 आवर्तनांची असल्याने 25 चित्रांचा वेग ठेवला, तर घरातल्या दिव्यांची लुकलुक चित्रात उतरण्याचा धोकाही कमी होतो.

तिसरी काळजी साठवणीची. चित्रण त्याच संध्याकाळी दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवावे आणि दोन्ही डिस्क दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात. तोवर मोबाइलमधले काहीही पुसू नये. संकलनाचे सॉफ्टवेअर विकत घेण्याची मात्र गरज नाही. केडेनलाइव्ह, शॉटकट यांसारखी मोफत साधने आहेत. डाव्हिंची रिझॉल्व्हचीही मोफत आवृत्ती मिळते.

ज्याच्या हाती ससा

इथवरचे सारे शिकता येते. खरा पेच पुढचा आहे. चांगला संगणक गटात बहुधा एकाकडेच असतो. त्यामुळे काम त्याच्याच घरी होते, माऊस त्याच्याच हातात राहतो आणि ज्याच्या हाती ससा तो पारधी ठरतो. बाकीचे चौघे पहिल्या दिवशी मागे उभे राहून सूचना देतात, दुसऱ्या दिवशी मोबाइल पाहत बसतात, तिसऱ्या दिवशी येतच नाहीत. शेवटच्या रात्री एकटी पाचवी जागते. सकाळी चौघे म्हणतात, 'आम्हाला न विचारता तू आमचे शॉट कापलेस!' आणि ती म्हणते, 'तुम्ही होतात कुठे?' दोन्ही बाजूंचे खरेच असते.

यावर उपाय तीन.

पहिला उपाय म्हणजे खुर्ची फिरती ठेवणे. कच्ची जुळणी पाचांनी वाटून घ्यावी, प्रत्येकाने दहा आवर्तने. 50 ओळींची वही इथे कामी येते. ज्याला सॉफ्टवेअर येत नाही, त्याला येणाऱ्याने शेजारी बसून शिकवावे. नंतरची बारीक जुळणी मात्र एकीनेच करावी. पाच शिंप्यांनी टाके घातलेला सदरा अंगाला बसत नाही.

दुसरा उपाय, श्रमाचा दाखला द्यायचा नाही. कॅमेरा सांभाळणारा मुलगा पहाटे साडेचारला उठून गच्चीवरून सूर्योदय टिपतो. दृश्य सुरेख येते, पण गाण्यात त्याला जागा नसते. 'मी पहाटे उठलो होतो' हे खरे, पण पहाटेची ती थंडी पडद्यावर दिसत नाही. याच कारणासाठी संकलकाने चित्रीकरणाच्या जागी शक्यतो फिरकूच नये, असे मर्च सुचवतात. पडद्यावर जे आहे तेवढेच त्याने पाहावे. गटात प्रत्येकाने एक शॉट आपला मानून मनापासून सोडावा, असा नियम केला तर भांडण निम्मे होते. वगळलेला शॉट म्हणजे वगळलेला माणूस नव्हे, हे उमगायला मोठ्या माणसांनाही कधी कधी वेळ लागतो.

तिसरा उपाय नोंदीचा. कोणी कोणत्या दिवशी किती वेळ काय केले, याची एक ओळ रोज त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहावी. संकलनाची प्रत रोज तारखेच्या नावाने वेगळी साठवावी. गुण सर्वांना सारखे द्यायचे की कामाप्रमाणे, हा प्रश्न शिक्षकांपुढे असतोच. व्हिडिओ पाहून कोण राबले ते कळत नाही, वही पाहून कळते.

पाचांत मतभेद झाला तर? पाचामुखी परमेश्वर म्हणतात खरे, पण संकलनात हात वर करून मते मोजण्यापेक्षा दोन्ही जुळण्या करून बघाव्यात. विषय माहीत नसलेल्या एखाद्या मावशीला किंवा शेजाऱ्याला दोन्ही दाखवाव्यात आणि स्वतः पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघावे. कुठे त्यांची नजर हलली, कुठे त्यांनी घड्याळ पाहिले, ते टिपावे. एवढ्याने बहुतेक वाद मिटतात.

जुने पद, नवा हक्क

हौसेच्या भरात मुले एक गोष्ट विसरतात. पुरंदरदासांचे पद कोणाच्या मालकीचे नाही. तुकोबांचा अभंगही नाही. पण तेच पद एखाद्या नामवंत गायकाने गायलेले आणि कंपनीने काढलेले असेल, तर त्या ध्वनिमुद्रणावर हक्क असतो. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. कवीचा आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या हयातीत आणि मृत्यूनंतरही 60 वर्षे असतो. वर्गात शिकण्यासाठी केलेल्या वापराला कायद्यात काही सवलती आहेत, पण तोच व्हिडिओ इंटरनेटवर सर्वांसाठी टाकला की प्रकरण वेगळे होते. म्हणून गटातल्याच मुलीने गायलेले, तिच्या मैत्रिणीने साथ केलेले गाणे सर्वांत उत्तम. सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी तो स्वतःचा!

तीच गोष्ट परवानगीची. शाळेचे मैदान, देवळाचा मंडप, उत्सवाचा मांडव इथे चित्रीकरण करायचे तर आधी विचारायला हवे. रस्त्यावरची फुलवाली व्हिडिओत अर्धे मिनिट दिसणार असेल, तर तिलाही विचारावे, आणि व्हिडिओ तयार झाल्यावर तिला दाखवावा. विचारले तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. न विचारता घेतले तर मात्र मनाला लागते.

घरच्यांनी काय करावे?

मुलगी रात्री दोनपर्यंत संगणकापुढे बसली की आईवडिलांचा जीव वरखाली होतो. 'गाणी बघण्यात वेळ घालवतेस' हे वाक्य ओठावर येते. ते गिळावे. त्याऐवजी तिला विचारावे, 'कोणत्या आवर्तनापर्यंत आलीस?' हा प्रश्न ऐकून ती थक्क होईल आणि मग आपणहून दाखवील.

मात्र दोन बाबतींत घरच्यांनी जरूर लक्ष घालावे. आपले मूल सगळे काम एकटेच ओढत आहे का? आणि त्याहून महत्त्वाचे, आपले मूल दुसऱ्याच्या जिवावर तर बसलेले नाही ना? पहिली तक्रार घराघरातून ऐकू येते. दुसरी कोणी करत नाही, म्हणून ती आईवडिलांनीच विचारावी. ज्या घरी संगणक आहे त्या घरच्यांनी उरलेल्या चौघांसाठी चहापोहे ठेवावेत. येणे-जाणे राहिले, की गट टिकतो.

आणि दिलेल्या तारखेच्या दोन दिवस आधी गाणे पुरे करावे. तयार व्हिडिओ संगणकाबाहेर काढायला वेळ लागतो. कधी नावात चूक निघते, कधी वीज जाते. ते दोन दिवस अशाच गोष्टींसाठी ठेवायचे असतात.

एक सूर

15 ऑगस्ट 1988 रोजी दूरदर्शनवर 'मिले सुर मेरा तुम्हारा' प्रथम दिसले, तेव्हा 'म्युझिक व्हिडिओ' हा शब्द आपल्या घरांत फारसा कोणाला माहीत नव्हता. त्याच्या संगीताशी आपले अशोक पत्की यांचे नाव जोडलेले आहे. भीमसेन जोशी, बालमुरलीकृष्ण, लता मंगेशकर, सारे त्यात आहेत. देशाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत, निरनिराळ्या भाषांत टिपलेले ते तुकडे एका सुरात ओवले गेले. त्यातल्या प्रत्येक दिग्गजाच्या वाट्याला काही सेकंदच आले होते. पण कोणी कमी दिसला, असे पाहणाऱ्याला कधी वाटले नाही.

पाच मुलांच्या चार मिनिटांच्या व्हिडिओची त्याच्याशी बरोबरी कशाला करायची? पण रीत तीच आहे. आपल्या वाट्याला आलेल्या पाच सेकंदांत पूर्ण असावे आणि उरलेल्या वेळात दुसऱ्याला दिसू द्यावे.

शेवटी काळ्या पडद्यावर नावे येतात. पाचही नावे सारख्याच आकाराची, वर्णानुक्रमाने. गाणे संपून समेवर आलेले असते. सूर्योदयाचा तो सुरेख शॉट त्यात नसतो. तो टिपणारा मुलगा मात्र पहिल्या रांगेत बसून सर्वांत आधी टाळी वाजवतो. ते घडले, की शिक्षकांनी गुण किती द्यायचे ते द्यावेत. गटाचे काम पुरे झाले.